बारावीनंतर एक वर्ष थांबावे का?

मूळ लेख: कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एक पालक

यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेला माझा मुलगा लगेच अभियांत्रिकीला प्रवेश घेण्याऐवजी वर्षभर उद्यमनगरातील मशीन शॉपमध्ये काम शिकू इच्छितो, आणि मी संमती देण्याच्या विचारात आहे. यंत्रे खरोखर आवडतात की मित्र जात आहेत म्हणून आपणही मेकॅनिकलला जावे, हे त्याला अजून उमगलेले नाही. नीटसाठी ‘ड्रॉप’ घेऊन रिपीटर बॅचमध्ये बसणाऱ्या मुलाकडे आपल्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. तेच वर्ष हाताने काम शिकण्यासाठी मागितले, तर मात्र मुलगा वाया चालला असे नातेवाईक म्हणू लागतात. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

प्रतिसाद १: निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी

आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण मी या विचाराच्या विरोधात आहे. रिपीटर बॅचमधील मुलाची अभ्यासाची बैठक तरी टिकून राहते. वर्षभर कलनशास्त्राला हात न लावलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात गणितात अडखळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याहून मोठी अडचण पैशाची आहे. ज्या घरात मुलाचा पहिला पगार येतो, त्या घराचा महिन्याचा खर्च हळूहळू त्या पगारावर बेतला जातो आणि पुढच्या जूनमध्ये ‘आता सोडून कसे चालेल’ असा प्रश्न उभा राहतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातल्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटू नये म्हणून. शिवाय जेईई मेन बारावीच्या वर्षासह सलग तीनच वर्षे देता येते, तर अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच; आयआयटीचा विचार असेल, तर हे वर्ष फार महाग पडेल.

प्रतिसाद २: लघुउद्योजक, उद्यमनगर

मी या मुलाच्या बाजूने आहे, मात्र काही अटींवर. माझ्याकडे पदवी घेऊन येणाऱ्या कित्येक मुलांना ड्रॉइंग वाचता येते, पण टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, हे बनवलेला भाग (जॉब) रिजेक्ट होऊन परत आल्याशिवाय कळत नाही. पहिले दोन महिने नुसते मोजमाप करावे लागते: व्हर्निअर, मायक्रोमीटर, पुन्हा व्हर्निअर. त्यानंतर लेथवर टूल कसे बांधायचे, बीड (ओतीव लोखंड) आणि पोलाद कापताना आवाज कसा बदलतो, थंडाव्यासाठी सोडलेले कूलंट कमी पडले की पृष्ठभाग कसा खरबरीत येतो, हे हाताला कळू लागते. असा मुलगा नंतर मेकॅनिकलच्या वर्गात बसला, तर पुस्तकातील आकृतीत त्याला यंत्र दिसते. अठरा पूर्ण झाल्याशिवाय मात्र त्याला फाउंड्रीत पाठवू नका. ओतकाम कायद्याने धोकादायक प्रक्रियांमध्ये मोडते. आठ तासांची हजेरी आणि सोडण्याचा महिना पहिल्याच दिवशी मालकाशी ठरवून घ्यावा.

प्रतिसाद ३: एक वाचक, कागल

ही चर्चा मुलग्यांपुरतीच चालली आहे, म्हणून लिहिते. मी बारावीनंतर शिवणकामाचा व्यवसाय शिकण्यासाठी एक वर्ष मागितले होते. ‘मुलगी घरीच आहे’ एवढे चार ठिकाणी कळले आणि दिवाळीपर्यंत तीन स्थळे आली. पुढचा प्रवेश मी भांडून घेतला. माझ्या मैत्रिणीला ते जमले नाही. मुलीने थांबायचे असेल, तर आधी महाविद्यालयात नाव नोंदवावे आणि शिकायचे ते सकाळी किंवा सुट्टीत शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला हे भित्रेपणाचे वाटेल, पण मी ते वर्ष जगले आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

शिक्षिकाबाईंचा पगाराविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. मुलाला मिळेल ते विद्यावेतन त्याच्याच खात्यात राहील आणि घरखर्चाला त्यातील एक रुपयाही घेतला जाणार नाही. गणितासाठी रोज संध्याकाळचा एक तास ठरवला आहे. आयआयटीचा विचार आमच्या घरात नव्हता, त्यामुळे ती अडचण उरत नाही. कागलच्या ताईंनी लिहिलेले वाचून मात्र मी थांबलो, कारण माझी धाकटी मुलगी यंदा दहावीत आहे आणि तिने हेच वर्ष मागितले असते, तर मी इतक्या सहज होकार दिला असता का, याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. मुलाचे अठरावे वर्ष ऑगस्टमध्ये पूर्ण होते. त्यानंतरच तो कामाला जाईल. पुढील वर्षी प्रवेशाच्या वेळी लागणाऱ्या, शिक्षणात पडलेल्या खंडाच्या (गॅप) प्रतिज्ञापत्राची चौकशी मी या आठवड्यात करतो.