मदत हवी आहे: विंडोजवरची हार्ड डिस्क मॅकवर लिहिती कशी करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. आईच्या आवाजातल्या ओव्या, जात्यावरची गाणी आणि घरच्या लग्नांचे व्हिडिओ असा सगळा ठेवा २ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे. डिस्क जुन्या विंडोज लॅपटॉपवर एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली साठवण्याची विंडोजची पद्धत) फॉरमॅट केलेली आहे. आता घरात मॅकबुक आलंय. त्यावर फाइली दिसतात, ऐकूही येतात, पण नवीन काही टाकता येत नाही की नाव बदलता येत नाही. मॅकओएस एनटीएफएस नुसतं वाचतं, लिहीत नाही, एवढं कळलं.

एक्सफॅट ही अशीच दुसरी पद्धत विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते, पण त्यासाठी फॉरमॅट केलं तर सगळं पुसलं जाणार. फॅट३२ या जुन्या पद्धतीचा विचार सोडला, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचे व्हिडिओ त्याहून मोठे आहेत.

डिस्क निम्मी रिकामी आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एनटीएफएसचा भाग आक्रसून उरलेल्या जागेत एक्सफॅटचं वेगळं पार्टिशन केलं, तर जुना डेटा खरंच सुरक्षित राहतो का? कुणी स्वतः केलंय? की आधी दुसरी डिस्क घेऊन सगळं कॉपी करणंच बरं? माझा कल तिकडेच आहे, कारण आई आता गात नाही आणि याची दुसरी प्रत कुठेच नाही.

मॅकवर एनटीएफएस लिहू देणारी सॉफ्टवेअरं मिळतात, ती रोज वापरणाऱ्यांचा अनुभवही सांगा. नौपाडा किंवा स्टेशनजवळ हे काम आपल्यासमोर बसून करून देणारं कुणी भरवशाचं माहीत असेल तर जरूर कळवा.