मदत हवी आहे: जुना नकाशा बसवला, पण विहीर खाडीत पडतेय

बावखल:
मुंबईच्या मनोरी गावातल्या एका खासगी वाडीत मेटल डिटेक्टर फिरवायचा आहे, मालकांची लेखी परवानगी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची १ इंचाला १ मैल प्रमाणाची जुनी शीट क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन केलेला नकाशा आजच्या नकाशावर बसवायचं साधन) बसवली. दोन्ही नकाशांवर जुळणारे चार बिंदू दिले: एक चर्च आणि खाडीकाठची तीन वळणं. ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे नकाशा ताणून बसवायची पद्धत, थिन प्लेट स्प्लाइन. एरर शून्य दाखवतंय, तरी शीटवरची विहीर आजच्या खाडीत पडते. कुठे चुकतंय? आणि वाडीत सुरुवात कुठून करू? डिटेक्टर एका फ्रिक्वेन्सीचा आहे, कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती) ११ इंची.

टिपणवही:
त्या शून्यावर अजिबात विसंबू नका. थिन प्लेट स्प्लाइन प्रत्येक बिंदूतून नकाशा ओढून नेतं, त्यामुळे बिंदू चुकीचा असला तरी एरर शून्यच येणार. आधी पॉलिनोमिअल १ लावा, ती पद्धत अख्खा नकाशा एकसारखाच सरकवते, फिरवते आणि ताणते. त्याला किमान तीन बिंदू लागतात, पण तीनच दिले तर तिथेही शून्य. आठ-दहा द्या, शीटच्या चारही कोपऱ्यांकडे पसरलेले, आणि प्रत्येक बिंदूचा रेसिड्युअल (बसवल्यावर तो खऱ्या जागेपासून किती हुकला) वेगळा बघा.

खरी गडबड त्या तीन वळणांची आहे. खाडीचा काठ गाळाने, तिवरांनी आणि भरावाने सरकत राहतो, तो बिंदू म्हणून चालतच नाही. चर्च, तलावाच्या दगडी पायऱ्या, किल्ल्याचा बुरूज, रेल्वेपुलाचा दगडी खांब, असं जागचं न हललेलं घ्या. चर्च पुन्हा बांधलेलं नाही ना, तेवढं पाहा.

शीटवरच्या अक्षांश-रेखांशांच्या जाळीवरून बसवणार असाल तर समासातली टीप आधी वाचा. काही जुन्या शीट्सवर रेखांशात सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांची दुरुस्ती लागते. मुंबईच्या अक्षांशावर ती सव्वाचार किलोमीटरच्या आसपास जाते. त्यात डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, जुन्या एव्हरेस्टचा. तो थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो डेटम) धरला तर आणखी सरक येते.

हे सगळं बरोबर जमलं तरी या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. म्हणजे विहिरीची खूण म्हणजे जागा नव्हे, परिसर. नेमकेपणा हवा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. रस्ते बदलतात, पण शेताचे बांध बहुधा जागेवर राहतात. बांधांचे तिठे बिंदू म्हणून घेतले की नकाशा फार नीट बसतो.

ओहोटी:
सुरुवात विहिरीपासून नको, विहिरीकडे येणाऱ्या पायवाटांपासून करा. दोन वाटा मिळतात ती जागा, जुना पार, तरीची उतरण, बाजार भरायची जागा. माणसं थांबायची, बसायची, पैसे मोजायची तिथे नाणी पडतात. २० बाय २० मीटरचा तुकडा दोरीने आखा, एक-एक मीटरच्या पट्ट्या पाडा, कॉइल जमिनीला समांतर ठेवून प्रत्येक झोक्यात अर्धा भाग मागच्यावर येऊ द्या. मग तोच तुकडा आडव्या दिशेने.

खाडीलगतची खारट ओली माती वीज वाहते, म्हणून एका फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे बडबडतं. ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल वजा करणारी सेटिंग) त्याच मातीवर करा, सेन्सिटिव्हिटी उतरवा, उधाणाच्या भरतीने भिजणारा पट्टा सोडून द्या. बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइटचाही त्रास होतो. दर थोड्या वेळाने बॅलन्स पुन्हा करत राहा.

मशीनवर लोखंडाचे सिग्नल पूर्ण गाळू नका. अलीकडची पोलादी नाणी त्यात जातात, आणि खिळ्यांच्या गर्दीतलं तांब्याचं नाणंही झाकलं जातं.

शहरातला जुना किनारा नकाशात कितीही मोहक दिसो, त्याच्या मागे लागू नका. एका नाण्यासाठी मशीनची पोहोच साधारण वीतभर, आणि तो किनारा कित्येक फूट भरावाखाली आहे. वरच्या भरावात सापडेल ते बाहेरून आलेल्या मातीतलं.

टिपणवही:
परवानगीबद्दल एक राहिलं. मालकाची लेखी संमती पुरेशी नाही. १८७८च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टप्रमाणे जमिनीत दडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला हे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. म्हणून प्रत्येक खड्ड्याचे जीपीएस आकडे, खोली आणि फोटो त्याच वेळी नोंदवा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. खुद्द स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. वसईच्या किल्ल्यात मशीन नेऊच नका.

बावखल:
पॉलिनोमिअल १, नऊ बिंदू, खाडीचे तिन्ही काढले. विहीर वाडीच्या ईशान्य बांधाजवळ आली. एका बिंदूचा रेसिड्युअल बाकीच्यांच्या चौपट आहे. काढून टाकू?

टिपणवही:
लगेच नको. आधी तो बिंदू शीटवर झूम करून बघा, बहुतेक वेळा शेजारच्याच खुणेवर क्लिक झालेलं असतं. क्लिक बरोबर असेल तर स्कॅन तपासा. घडी पडलेल्या कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो कडेला ताणला जातो. सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने पुन्हा स्कॅन करा आणि तेच नऊ बिंदू परत द्या.