शब्दचर्चा : कुमक्वाटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सध्या हाँगकाँगला आहे. चिनी नववर्षाच्या आसपास इथे दारोदारी कुमक्वाटची लगडलेली झाडं कुंड्यांत मांडतात, बाजारातही फळं मिळतात. आईला कृती लिहून पाठवायची आहे. 'छोटं संत्रं' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद : 'छोटं संत्रं' कृपया नको. संत्रं म्हटलं की हात आपोआप साल काढायला जातो, आणि या फळाची सगळी गोडी सालीतच आहे. गर आंबट. सोललंत तर हाती आंबट रस आणि बियाच उरतील. फळ धुवायचं, बोटांत जरा चोळायचं म्हणजे सालीतलं तेल सुटतं, आणि अख्खं तोंडात टाकून नीट चावायचं. बिया काढून टाकायच्या. लांबट 'नागामी' जातीचा गर बराच आंबट असतो. नुसतं खायला गोल 'मेइवा' चांगलं. त्यामुळे आईंना नावाआधी 'सालासकट' हा शब्द ठळक लिहा.

नाव मात्र कुमक्वाटच ठेवा. ते हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतल्या 'गाम-ग्वात'वरून आलं आहे, अर्थ सोनेरी नारिंग. नववर्षाला दारात ते झाड ठेवतात ते या सोन्यासाठीच. युरोपात ते 1846 मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूनने नेलं. चीनमधून चहाची रोपं हिमालयात आणणारा तोच हा फॉर्च्यून. पुढे 1915 मध्ये या फळाच्या प्रजातीला त्याच्यावरून 'फॉर्च्युनेला' नाव दिलं गेलं. आता बरेच शास्त्रज्ञ त्याला पुन्हा लिंबू-संत्र्यांच्या 'सिट्रस'मध्येच धरतात.

दुसरा प्रतिसाद : आपल्याकडे नर्सरीत 'चायना ऑरेंज' मिळतं, तेच ना हे?

प्रतिसाद : बहुतेक वेळा नाही. ते कॅलामाँडिन, म्हणजे कुमक्वाट आणि मँडरिन संत्र्याचा संकर. फिलिपिन्समधलं कॅलामान्सी ते हेच. त्याची पातळ साल सहज सुटते आणि ते लिंबासारखं पिळून वापरतात. कुमक्वाटची साल गराला घट्ट धरून असते आणि आत जेमतेम चार-पाच फोडी. एकाची कृती दुसऱ्याला लावली तर पदार्थ बिघडतो, म्हणून ही दोन नावं वेगळी राहायलाच हवीत.

मूळ प्रश्नकर्ती : आणि साखरेत शिजवलं तर? मुरांबा?

प्रतिसाद : मुरांबा म्हटलं की आंबाच डोळ्यांपुढे येतो. आवळ्याचा होतो तो मोरावळा, त्याला आपण आवळ्याचा मुरांबा म्हणत नाही. मी 'पाकातले कुमक्वाट' म्हणेन, पाकातल्या पुऱ्यांसारखं. जपानी घरांत नववर्षाला करतात त्या 'कानरोनी'ला हे नाव नेमकं बसतं. फळांना उभ्या चिरा द्या, उकळत्या पाण्यातून काढून पाणी फेका म्हणजे कडवटपणा उतरतो. दाबून, काडीने बिया काढा. मग फळांच्या निम्म्या वजनाची साखर आणि बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर शिजवा. साल पारदर्शक दिसली की उतरवा. ढवळू नका, फळं फुटतात.

कँटोनीज घरांत ती बरणीत मिठात घालून महिनोन्‌महिने ठेवतात, काळपट होतात. घसा बसला की एखादं गरम पाण्यात कुस्करून मधासह पितात. त्यांना 'खारवलेले कुमक्वाट' म्हणा. खारवलेल्या मिरच्या ज्या घरात होतात, तिथे हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.