मदत हवी आहे: स्नेअर रोल (स्नेअर ड्रमवरचे सलग जलद ठोके) मशीनगनसारखा वाजतोय

नागपुरात सॅम्पल्ड ड्रम लायब्ररी (कॉम्प्युटरवर वाजवायचे खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज) वापरणारं कोणी आहे का? मारबतीच्या गाण्याचा ट्रॅक आहे, १४० बीपीएम (मिनिटाला मात्रा). घोस्ट नोट्स (मधले अगदी हलके ठोके) २५ ते ४० व्हेलॉसिटीवर (ठोक्याचा जोर, कमाल १२७), मुख्य ठोके ९५ ते ११५. १२७ कुठेच नाही. राउंड रॉबिन (दर ठोक्याला वेगळं रेकॉर्डिंग) चालू. हाय-हॅटच्या नोट्स ५-८ मिलिसेकंद मागेपुढे केल्या, किक ग्रिडवरच (अचूक तालावर). तरी सोळांशाचा (मात्रेला चार ठोक्यांचा) रोल नकलीच वाटतो. डाव्या हाताचे ठोके १० ने हलके केल्यावर जरासा फरक पडला, बस. सगळे ठोके एकाच व्हेलॉसिटी लेयरमध्ये (एका जोराच्या रेकॉर्डिंगच्या गटात) अडकतात का? की लायब्ररीतले रूम आणि ओव्हरहेड माइक (खोलीतला आणि ड्रमच्या वरून घेतलेला आवाज) बंद असल्याने (ते मेमरी खातात आणि रॅम ८ जीबीच, काय करता!) ठोक्याची शेपटी तुटते? आधी काय तपासू? रिव्हर्ब वाढवा म्हणू नका, त्याने फक्त चिखल होतो.