कोटणीसांना मधे आणलंत म्हणून लिहितोय

सोलापुरी
काल घाटमाथा यांनी इथे ब्रिक्सवर (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांचा गट) लिहिलं: "ब्रिक्सचे सांस्कृतिक महोत्सव म्हणजे नाचगाणी आणि सरकारी भत्ते. कोटणीसांचं नाव घेऊन चीनने आपल्याला उल्लू बनवलं." पहिल्या वाक्यावर भांडत नाही. दुसरं गिळवत नाही.

१९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले, चार परतले. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मागे राहिले. चिनी शिकले, जखमींवर ऑपरेशनं केली, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये गेले. वय ३२. मुलाचं नाव इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन एकाच नावात. शिजियाझुआंगला आजही त्यांची समाधी आहे. यात कोणी कोणाला फसवलं, ते सांगा.

घाटमाथा
कोटणीसांबद्दल मलाही आदर आहे, उगाच भावनिक होऊ नका. समाधीवर फुलं वाहणाऱ्या देशानेच १९६२ केलं ना? मे २०१७ मध्ये तिकडे 'दंगल' लागला, हजार कोटींच्या वर धंदा केला. जूनमध्ये डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर! तीन वर्षांनी गलवानला आपले २० जवान गेले. ही तुमची सॉफ्ट पॉवर, म्हणजे सिनेमा-संस्कृतीने मनं जिंकायची ताकद, तेव्हा कुठे होती?

नाशिकची आई
गलवानचं वर्ष आमच्या घरातही गेलंय. मुलगी चीनमध्ये एमबीबीएस करत होती. जानेवारी २०२०ला सुट्टीला आली आणि सीमा बंद झाल्या. तिथले आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. ओट्याशी स्टूल ओढून, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून तिने शरीरशास्त्राचे तास केले. मुडदा न बघता. हॉस्टेलची खोली खाली करायची नोटीस आली तेव्हा तिच्या चिनी मैत्रिणीने कपाट आवरलं, एकेका वस्तूचा फोटो पाठवून "हे ठेवू का?" विचारलं. ही कुठली पॉवर ते मला माहीत नाही.

घाटमाथा
ताई, मुळात पाठवलंच कशाला? एजंटच्या नादाला लागून पोरांना तिकडे ढकलायचं आणि मग सरकारच्या नावाने ओरडायचं.

नाशिकची आई
तोंड सांभाळून बोला. इथल्या खाजगी कॉलेजने सांगितलेल्या एका वर्षाच्या फीमध्ये तिकडची तीन वर्षं निघत होती. शेत विकलं नाही, हाच आमचा गुन्हा? परत आल्यावर परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची स्क्रीनिंग परीक्षा, वर ऑनलाइन शिकली म्हणून जादा इंटर्नशिप. ज्या हॉस्पिटलात ती केली तिथे सहा महिने स्टायपेंड नाही. त्यावर लिहा की धागा!

विदर्भी
स्टायपेंडचं म्हणाल तर आमच्याकडे इथेच शिकलेल्यांनाही मिळत नाही. भाच्याने आठ महिने…

सोलापुरी
विदर्भी, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे मुद्दा राहून जातोय.

डोंबिवलीकर
मुद्दा मी सांगतो. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले, त्यावर मराठीत प्रवासवर्णन लिहिलं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. पण माझ्या वडिलांना रशिया कळला तो पुतळ्यातून नाही. गिरणीची पाळी सुटली की ते मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं आणायचे. जाड पुठ्ठा, किंमत दोन-तीन रुपये. आमच्या चाळीत बर्फ कोणी पाहिला नव्हता, पण 'दाचा' म्हणजे रशियन माणसाचं गावाबाहेरचं सुट्टीचं घर, हे पोरांना ठाऊक होतं. त्यांनी मराठी जाणणारी माणसं पगारावर ठेवून हे केलं. आज चिनी किंवा पोर्तुगीजमधून थेट मराठीत आणणारी किती माणसं आपण पोसतो? महोत्सवाचा मांडव उतरला की संपलं.

घाटमाथा
पोसून काय झालं? १९९१ला देशच फुटला, पुस्तकं रद्दीत गेली.

डोंबिवलीकर
आमच्या घरातली गेली नाहीत.

घाटमाथा
बरं. पुस्तकांचं मानतो. मैत्रिणीच्या कपाटाचंही मानतो, आणि ताई, पाठवण्यावरून बोललो ते मागे घेतो. पण ते माणसांनी केलं, सरकारांनी नाही. म्हणून महोत्सवाला पैसा नको, हे माझं मत कायम.

सोलापुरी
मग तोच पैसा भाषांतराला आणि शिष्यवृत्त्यांना द्या म्हणा. तेवढं तरी माझ्याबरोबर म्हणा.

घाटमाथा
भाषांतराला म्हणेन. शिष्यवृत्तीचं आधी कोणाला मिळते ते बघू.

नाशिकची आई
लेक पास झाली, दुसऱ्या खेपेला. चिनी अजून अस्खलित बोलते. इथे तिला त्याबद्दल कोणी विचारलेलं नाही. त्या मैत्रिणीशी मात्र दर रविवारी बोलते, पहाटे साडेपाचलाच.