‘म्हणे’ : बोलण्यातला आणि छापून येणारा

एक शंका आहे. ‘शेजारचा फ्लॅट विकला म्हणे’, ‘उद्या पाणी येणार नाही म्हणे’ असं आपण दिवसभर बोलत असतो. व्याकरणाच्या पुस्तकात या ‘म्हणे’ला बापडा, बेटे, आपला यांच्या पंगतीत बसवून ‘व्यर्थ उद्गारवाची’, म्हणजे अर्थात भर न घालता उगाच येणारा शब्द, ठरवलंय. गंमत अशी की बातमीच्या मजकुरात तो जवळपास दिसत नाही, पण मथळ्यात आणि सदरात हटकून भेटतो. तिथे त्याचा अर्थही ‘असं ऐकलंय’ एवढाच राहत नाही. ‘काय पण थापा मारतात’ असा होतो. असं का? आणि तो व्यर्थ कसा म्हणे?

*

व्यर्थ मुळीच नाही. ‘बापडा’ वाक्यातून काढा, माहिती तीच राहते. ‘म्हणे’ काढून बघा. ‘फ्लॅट विकला’ म्हटलं की उद्या तो विकला नसल्याचं निघालं तर लोक मलाच धरणार. ‘विकला म्हणे’ म्हटलं की मी मोकळा.

चिमटा येतो तो जागेमुळे. ‘सरकार कर्जमाफी देणार म्हणे’ ही पारावरची बातमी, सांगणाऱ्याला त्यात ना गोड ना कडू. ‘म्हणे सरकार कर्जमाफी देणार!’ यात त्याचा काडीचा विश्वास नाही. (शेवटी येऊनही टोचतो, पण मग आवाजाला हेल लागतो.) कागदावर हेल नाही, म्हणून मथळेवाले त्याला पुढे आणतात आणि मागे उद्गारचिन्ह ठोकतात. काही ठिकाणी तर विरोधकाचं विधान अवतरणचिन्हांत देऊन त्याआधी कंसात ‘म्हणे’ छापतात. अवतरणचिन्हं सांगतात की शब्द त्याचे आहेत. कंस सांगतो की आमच्या मते खोटे आहेत. बातमी वाचायच्या आधीच निकाल हातात. मला ही पद्धत आवडत नाही. अग्रलेखात खुशाल करा, पहिल्या पानावर नको.

*

बातमीच्या मजकुरात ‘म्हणे’ न येण्याचं कारण मी वृत्तपत्राच्या डेस्कवरच्या (बातम्या तपासून लावायच्या टेबलावरच्या) अनुभवाने सांगतो. बातमीला सांगणारा लागतो. ‘आयुक्त म्हणाले’ चालतं, ‘पोलिसांनी सांगितले’ चालतं. ‘म्हणे’ला कर्ताच नाही. मग आम्ही काय करतो? ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘विश्वसनीय सूत्रांची माहिती आहे’. खरं बोलायचं तर ‘असे समजते’ म्हणजे इस्त्री केलेला ‘म्हणे’. कोणाला समजते, कोणाकडून कळते, याचा पत्ता तिथेही नाहीच. उलट ‘म्हणे’ प्रामाणिक, कारण तो ऐकीव असल्याचं उघड सांगतो.

सिनेमाच्या पानावर मात्र तो सुखाने नांदतो. अमक्या नायिकेने घर घेतलं म्हणे, तमक्याशी बिनसलं म्हणे. तिथे वाचकाला पुरावा नको असतो, कुजबूज हवी असते.

आणि ‘म्हणे’ लावला की कायद्यातून सुटलो असं कोणी समजू नये. बदनामीबद्दलचं जुन्या दंड संहितेतलं कलम ४९९ आता न्याय संहितेत ३५६ झालंय. उपरोधाने केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं, हे स्पष्टीकरण जुन्यातही होतं आणि नव्यातही आहे.

*

मुळाकडे जरा बघू या. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ यांतला ‘म्हणे’ पुरतं क्रियापद आहे, जुन्या मराठीतला वर्तमानकाळ. तेच रूप आज रीतिभूतकाळात, म्हणजे पूर्वी नेहमी घडायचं ते सांगताना, येतं : ‘आजी म्हणे, संध्याकाळी केर काढू नये.’ या दोन्हींत बोलणारा समोर आहे. आपला ऐकीव ‘म्हणे’ मात्र कर्ता गमावून बसलाय, त्यामुळे लिंग-वचनाचीही कटकट नाही : तो आला म्हणे, त्या आल्या म्हणे. अभंगात जो शब्द बोलण्याखाली सही करतो, तोच गप्पांत सही टाळायला वापरतात!

संस्कृतात हे काम ‘किल’ करतो. अमरकोशात त्याचा अर्थ ‘वार्तासंभाव्ययोः किल’ असा दिलाय, म्हणजे ‘वार्ता’ तिथेही ऐकीवच. शेजारपाजारीही सोय आहे : कानडीत ‘बंदनंते’ म्हणजे ‘आला म्हणे’, कोकणीत ‘आयलो खंय’. मात्र कानडीतला ‘अंते’ क्रियापदाला मागून चिकटतो, त्याला उचलून वाक्याच्या तोंडाशी आणता येत नाही. चिमट्याची ही सोय मराठीला जास्त.

*

मूळ शंका विचारणारा मीच. मग ‘का म्हणे?’ आणि ‘कुठे निघालात म्हणे?’ यांचं काय? इथे तर काहीच ऐकीव नाही.

*

तिथे तो प्रश्नाची धार मऊ करतो. नुसतं ‘कुठे निघालात?’ म्हणजे चौकशी. ‘म्हणे’ लावला की लाडीक भोचकपणा. ‘का म्हणे?’मध्ये मात्र थोडा ठसका आहे : कारण सांगा, पण पटेल असं सांगा. सदरलेखक तो याच अर्थाने परिच्छेदाच्या शेवटी टाकतात.

मथळे लावणाऱ्यांना एक विनंती. ‘मंत्री म्हणे राजीनामा देणार’ हे मंत्र्याचं वक्तव्य की बाजारातली वावडी, हे वाचून कळत नाही. वावडी असेल तर ‘मंत्री राजीनामा देणार म्हणे’ लिहा, वक्तव्य असेल तर ‘म्हणाले’ लिहा.