फर लावलेल्या बेसबॉल टोपीचे अमेरिकी डिझाइन पेटंट: फर रेखाटावी कशी?

कळीदार:
मी सहा कळ्यांच्या बेसबॉल टोपीचे डिझाइन तयार केले असून तिच्या व्हायझरच्या कडेला आणि कानांवर येणाऱ्या झडपांच्या काठाला फरची जाड किनार आहे. अमेरिकेत डिझाइन पेटंटसाठी (म्हणजे वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देणाऱ्या पेटंटसाठी) अर्ज करण्याच्या विचाराने मी काही जुनी पेटंटे चाळली, तेव्हा ‘आकृत्यांत दाखविल्याप्रमाणे टोपीचे शोभेचे डिझाइन’ अशा आशयाचा एकच दावा (संरक्षण कशाला हवे ते सांगणारे वाक्य) प्रत्येक ठिकाणी आढळला. एवढ्याशा वाक्यात फरचे संरक्षण कसे होते, आणि केसागणिक वेगळी दिसणारी फर रेघांत पकडायची कशी?

तुटकरेषा:
त्या वाक्यात संरक्षण शोधू नये, ते आकृत्यांत असते. अखंड रेषेने जे काढले ते तुमच्या दाव्यात आले. तुटक रेषेने काढलेला भाग केवळ संदर्भासाठी आहे, असे वर्णनात नमूद केले की तो दाव्याबाहेर राहतो. त्यामुळे शेंड्यावरचे बटण, हवेची छिद्रे आणि मागचा पट्टा हे सारे अखंड रेषेने काढले, तर दुसऱ्याच्या टोपीशी तुलना करताना त्यांचाही विचार होईल. नावीन्य केवळ किनारीत असेल तर उरलेली टोपी तुटक रेषेत ठेवणे शहाणपणाचे ठरते.

फरच्या बाबतीत एक खोच आहे. केस दाखविण्यासाठी सुट्या, आखूड रेघा मारल्या की त्या तुटक रेषांसारख्या दिसू लागतात आणि दावा नेमका कशाचा आहे, हेच संदिग्ध होते. म्हणून किनारीची बाह्यरेषा अखंड आणि किंचित दंतुर ठेवावी, आतील रेघा केसांच्या दिशेने वळवाव्यात, आणि किनारीची जाडी समोरच्या, बाजूच्या व वरच्या आकृत्यांत एकमेकींशी जुळेल याची काळजी घ्यावी. आकृत्यांमध्ये विसंगती राहिली, तर नंतर नवी माहिती घालून ती दुरुस्त करता येत नाही.

जुनी_शिलाई:
रेखाटनाआधी नावीन्याचा प्रश्न सोडवावा, असे मला वाटते. कानांवर फर असलेल्या हिवाळी टोप्या जुन्याच आहेत, बेसबॉल टोपीही जुनीच. पेटंट कार्यालयाचा परीक्षक या दोन गोष्टी जोडून आक्षेप घेऊ शकतो. २०२४ साली फेडरल सर्किट न्यायालयाने (पेटंटची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने) जुनी डिझाइने जोडून आक्षेप घेण्याबाबतची पूर्वीची कडक चौकट रद्द केल्यापासून असे जोडणे अधिक मोकळे झाले आहे. फरमुळे ऊब मिळते, हा युक्तिवाद तर येथे उपयोगाचाच नाही, कारण हे पेटंट दिसण्याचे असते. किनार व्हायझरच्या टोकाशी निमुळती होते की गोलाकार वळते, अशा गोष्टींवर भर द्यावा.

कळीदार:
माझी किनार कानाजवळ रुंद होत जाते आणि व्हायझरवर अगदी बारीक होते. तेच वेगळेपण आहे. मग रेखाटनाऐवजी छायाचित्रे दिली तर?

तुटकरेषा:
छायाचित्र हेच डिझाइन दाखविण्याचे एकमेव व्यवहार्य साधन असेल, तर ते स्वीकारले जाते. मात्र एकाच अर्जात छायाचित्रे आणि रेखाटने मिसळू नयेत. तुमचे वेगळेपण रुंदीच्या बदलात आहे, केसांच्या पोतात नाही, म्हणून मी रेखाटनच निवडेन. टोपी आधीच जाहीर दाखविली असेल, तर त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. पेटंट मिळाल्यास ते मंजुरीपासून १५ वर्षे टिकते आणि त्यासाठी मध्ये नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागत नाही.